आरसा अजून बंद आहे

४ मार्च, सोमवार

मेव्हणा येऊन गेला. म्हणजे दुपारभर माझ्या सलूनच्या मधल्या खुर्चीत बसून कीबोर्डवर टकटक करून गेला. "दाजी, उद्या बघा, समोरच्या सलूनवाल्याच्या तोंडचं पाणी पळतंय की नाही!" त्या खुर्चीसमोरचा माझा चांगला जाड काचेचा आरसा उतरवला आणि ही काळपट काच लावली. तिच्या मागे त्याच्या घरचा जुना मॉनिटर, आणि मॉनिटरच्या पाठीला पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. म्हणे गिऱ्हाईक बसलं की काचेतच वेळ, हवामान, बातम्या दिसणार. स्मार्ट आरसा!

आत्ता दिसतात त्या पांढऱ्या इंग्रजी ओळी, आणि सगळ्यात खाली — परवानगी नाही.

"किरकोळ आहे. बंद करून चालू करा," म्हणाला आणि गाडी पकडायला पळाला.

५ मार्च, मंगळवार

बंद करून चालू केला. परवानगी नाही.

६ मार्च, बुधवार

दिवसभरात दोन दाढ्या. त्यातली एक माझी.

संध्याकाळी समोरचा स्वतः आला. केसांना जेल, अंगाला अत्तराचा भपका. "काका, या वयात कशाला दगदग? महिनाअखेर दुकान आवरा. आमच्याकडे एक खुर्ची तुमची. पगार, सुट्टी, सगळं." काका म्हणे! वस्तरा नीट धरता येत नाही आणि मला खुर्ची देतोय.

घरी सांगितलं, तर ही म्हणते, "अहो, विचार करायला काय हरकत आहे?" हरकत आहे! त्याच्या नावाचा एप्रन घालून मी त्याच्या गिऱ्हाइकांना "या साहेब" म्हणू? इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो — मला भीती वाटली. हा आरसा चालला नाही, तर तो एप्रन चुकत नाही.

७ मार्च, गुरुवार

वकीलसाहेब पेपर वाचायला आले. डोक्यावर औषधालाही केस नाही, पण रोज सलूनमध्ये हजर. आज बसण्याआधी दारातूनच आरशाकडे बघितलं.

"परवानगी नाही म्हणजे? मालक, असं कसं? वरच्या कोर्टात जायचं!"

मग मोबाईलमध्ये खुपसलेलं डोकं वर काढून सांगितलं, की प्रत्येक हुकमाच्या आधी 'सुडो' लिहायचं. म्हणजे मशीनच्या बड्या मालकाच्या नावाने हुकूम जातो आणि ते निमूट ऐकतं. लिहिलं. ऐकलं! पंधरा मिनिटं ओळी धावल्या. वकील छाती काढून बसले. पुन्हा चालू केलं तर आधी एकच चूक दाखवत होतं, आता पानभर.

८ मार्च, शुक्रवार

वकिलांनी गावभर केलेलं दिसतंय. शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला. त्याचा उपाय — सगळ्या फाइली सगळ्यांना खुल्या करून टाका! केल्या. आता मशीन म्हणतं, एक तुकडाच सापडत नाही. शिंपी म्हणतो, "मालक, यात माझी काय चूक? आधीचं कापडच आखूड आहे."

मग पंप दुरुस्त करणारा आला. त्याने आरशाच्या मागे कान लावला. कान! "पंखा घासतोय," म्हणाला. पंखा नाहीच आहे त्यात.

कोणाला स्वतःच्या घरचा टीव्ही लावता येत नाही, पण इथे येऊन अक्कल पाजळायची. वर "बसलोच आहे तर कानामागचं जरा काढा." कीबोर्डमध्ये केस गेलेत. पावडर तर आधीपासूनच आहे.

११ मार्च, सोमवार

वैताग! बसायला जागा नाही म्हणून शिंप्याने स्वतःच्या दुकानातला बाक आणून ठेवला. दोन तट पडलेत. वकिलांचा तट म्हणतो सगळं पुसा आणि नव्याने बसवा. शिंप्याचा तट म्हणतो उसवायचं नाही, ठिगळ लावायचं. भांडण ऐकायला रस्त्यावरचे लोक आत. समोरच्याचं एक गिऱ्हाईक तर मध्येच उठून, अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन, बघायला आलं. उरलेली दाढी मी केली. वादात तेही शिंप्याच्या बाजूने!

या रिकामटेकड्यांपायी मला आरशाकडे बघायला क्षणभर मिळत नाही. सकाळपासून कैची खाली ठेवली नाही. मनगट सुजलंय. ही शेक देताना हसत होती. यात हसण्यासारखं काय आहे?

१२ मार्च, मंगळवार

तेच. बाक भरलेला. आरसा काळा.

१४ मार्च, गुरुवार

जमलं! मला जमलं!

आज मुद्दाम लवकर उघडलं, आतून कडी घातली. अख्ख्या फौजेपैकी एकानेही त्या ओळी सावकाश वाचल्या नव्हत्या. सगळे शेवटची ओळ वाचून शहाणे! मी एकेक शब्द फोनवर शोधला. मधल्या एका ओळीत फोल्डरच्या मालकाचं नाव होतं — 'रूट'. रूट म्हणजे तोच मशीनचा बडा मालक. मेव्हण्याने सगळं त्याच्या नावाने बसवलं, आणि रोज मशीन उघडतं माझ्या नावाने. दुकान माझं, वीज माझी, काच माझ्या पैशाची — आणि मीच परका! त्यात वकिलांच्या सुडोने भर घातली.

सगळं पुसलं. माझ्या नावाने बसवलं. एक फोल्डर तेवढा जुन्या मालकाला चिकटून होता, तोही माझ्या नावावर केला. आणि काचेत वेळ उमटली! खाली हवामान, त्याखाली बातम्या. मी एकटाच मोठ्याने हसलो.

मेव्हण्याला फोन केला. म्हणाला, "बघा दाजी, मी म्हणालोच होतो, किरकोळ आहे." नालायक.

१५ मार्च, शुक्रवार

सगळे येऊन बघून गेले. शिंपी "छान" म्हणाला. पंपवाला म्हणाला, "पंखाच होता ना?" वकिलांनी वेळ बघितली, स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघितली. "झालं तर मग. येतो, मालक." आणि गेले.

१६ मार्च, शनिवार

कोणी नाही. शिंपी बाक परत घेऊन गेला, त्याचं गिऱ्हाईक उभं राहतं म्हणे. मी मधल्या खुर्चीत बसून हवामान वाचलं. आकाश निरभ्र. काळपट काचेत मी, आणि मागे रिकामी भिंत. समोरचा त्याच्या दारात उभा राहून हात हलवत होता.

दुकान खायला उठलंय. वकिलांची आठवण आली. लिहितानासुद्धा लाज वाटते, पण आली.

१८ मार्च, सोमवार

सकाळी कुलूप काढलं आणि झाडू मारण्याआधी त्या फोल्डरवर पुन्हा रूटचं नाव चढवलं. एक ओळ लागते फक्त. काचेत पुन्हा तेच — परवानगी नाही. वकील पेपर घेऊन दारावरून चालले होते, थबकले. "काय हो मालक, पुन्हा?" मी म्हणालो, "पुन्हा." त्यांनी पेपरची घडी केली, आत येऊन बसले आणि भिंतीवर थाप मारून ओरडले, "शिंपीबुवा, बाक आणा!"