ज्याच्या हातात उशी, त्याने बोलावं

मी, सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून देणारा कारागीर, शरीराने थकलेला पण पूर्ण शुद्धीत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. दडपण आणायला मुलगा आणि मुलगी यांना एकत्र यावं लागलं असतं, आणि तेवढी एकी आमच्या घरात नाही.

१. घर दोघांचं. वरचा मजला मुलाचा, खालचा मुलीचा. त्यांची आई गेल्यापासून दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. "बाबा, वरच्यांना सांगा, नळ बंद करा." मी जिना चढतो आणि सांगतो. माझ्या पश्चात हे पद रिकामं होईल. त्यावर नवी नेमणूक करू नये.

२. दोघांनी थेट बोलावं म्हणून आम्ही ज्यांच्याकडे जायचो, त्या समुपदेशक बाईंना काहीही ठेवलेलं नाही. त्यांनी आपला हिस्सा तासागणिक नेलेला आहे. ज्याच्या हातात उशी त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा नियम त्यांनी घालून दिला. नियम उत्तम, पण उश्या भरणाऱ्याच्या घरात तो टिकावा कसा? घरी येताच ज्याने त्याने एकेक उशी पोटाशी धरली आणि सगळे एकदम सुरू झाले. सूनबाईंनी तर दोन घेतल्या. बाईंनी हे ऐकून 'प्रगती आहे' असं सांगितलं.

बाईंच्या खोलीत मात्र उशी एकच, तीही आतला कापूस गोळा झालेली. दोघंही आलेल्या शेवटच्या बैठकीत मुलीने ती धरून भावाला नेहमीचंच विचारलं, आई जात होती तेव्हा मला का कळवलं नाहीस? मग उशी मुलाकडे गेली. शिवण चाचपत तो म्हणाला,

"आईच म्हणाली, तिला कळवू नको. तू नुकती बाळंत झाली होतीस. तशीच धावत येशील म्हणून घाबरली ती."

मलाही हे त्या बैठकीतच कळलं. उशी परत मुलीकडे आली, तिने तोंड उघडलं, आणि बाईंनी घड्याळाकडे बघून वेळ संपल्याचं जाहीर केलं. त्या घड्याळाचा मला आजही राग आहे. पुढच्या खेपेला दोघंही आली नाहीत. मी एकटाच जाऊन कौटुंबिक उपचार घेऊन आलो. माझे माझ्याशी संबंध आता पुष्कळ सुधारले आहेत.

३. दुकान दोघांचं. शटरची किल्ली मुलाला, आतल्या दाराची मुलीला. वकील म्हणाले, हे व्यवहार्य नाही. वकिलांना बहीण नाही.

४. आत कामाच्या बाकावर बाईंची ती उशी आहे. मी ती मागून आणली आणि नव्याने भरली. ती मुलीला द्यावी, कारण बोलायची पाळी तिची होती. मुलाने समोर बसावं. दुकानात दुसरी उशी ठेवलेली नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ मी उतरवून ठेवलं आहे.

साक्षीदार:
समुपदेशक बाई (सही विनामूल्य केली, याची नोंद व्हावी)
शेजारचा किल्ल्या बनवणारा (दोघांपैकी कोणालाही नक्कल करून देणार नाही, असा शब्द दिला आहे)

सही: बाबा
ठिकाण: दुकान
दिनांक: रविवार, दोघंही घरात असताना