मझल आणि मूळ नक्षत्र

आबा,

व्याही वाटीतल्या तेलात वाकून बघत होते आणि त्यांच्यामागे तुमची नात हसू दाबत उभी होती. ती जन्मली तेव्हा हा सोपस्कार तिच्या बापाने केला होता. आता परदेशातल्या स्वयंपाकघरात, फोनच्या पडद्यावर, होणारे सासरे करत होते. पोर मूळ नक्षत्राची, सासऱ्याच्या जिवाला वाईट. तिचं तोंड आधी तेलात बघितलं की दोष जातो. "सासऱ्याले सांगूनच पोरगी द्या," असं तुम्ही बजावून गेलात. आत्या ते विसरली नाही. लपवून लग्न केलंत तर मलकापुरातून हलणार नाही, म्हणाली. आणि तिच्याशिवाय तुमची नात बोहल्यावर चढायला तयार नाही.

म्हणून मी सांगितलं. व्याही ज्यू आहेत. ते घाबरले नाहीत, खूश झाले. म्हणाले, आमच्या लग्नात सगळे 'मझल तोव' ओरडतात. मझल हा हिब्रू शब्द. आधी अर्थ आकाशातल्या ताऱ्यांचा मुक्काम, मग राशी, मग नशीब. त्यांची आजी युरोपातल्या ज्यूंची बोली, यिद्दिश बोलायची. तिच्या तोंडी नुसतं नशीब उरलं होतं. मी शब्दकोश काढला. शब्द बाबिलोनकडून आला असावा, आणि अरबीतली मंजिल त्याची नातलग म्हणतात. त्याच मंजिलीवरून आपली मजल. तुम्ही लगेच गोत्र विचारलं असतंत.

आत्या खुलली. "म्हंजे त्याइच्यातही नक्षत्र पायतेत! मंग इचार, मुहूर्त कोन काढते?"

विचारलं. व्याही म्हणाले, कोणीच नाही. चांगला तारा लाभो असं ओरडतो, पण वर कोणी बघत नाही.

"न पाह्यता वरडतेत?" आत्याने कपाळावर हात मारला. "मंग त्याइले वाटीत पाह्याले लाव. कोनी तरी कुठं तरी पाह्यलं पाह्यजे."

मी फोन घेऊन तिच्या घरी गेले. व्याह्यांकडे तिळाचं तेल नव्हतं, त्यांनी ऑलिव्हचं घेतलं.

"दिसली काय जी?" आत्या पडद्यावर ओरडली. मी अनुवाद केला.

दिसली, पण हिरवी, असं उत्तर आलं.

आत्याने विचार केला. "नवरीले हिरवं शोभते. येतो मी लग्नाले."

नक्षत्रांवरून तुमच्याशी मी किती भांडले! हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढंही लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी व्याही ऑनलाइन आहेत का ते पाहिलं. होते.