चारची गुटी

३ नोव्हेंबर, सोमवार
आणलं: यूनुसभाईच्या रद्दीतून डी.एड.चं मानसशास्त्राचं गाइड, १५ रु. (मागची पानं नाहीत). गुटीचं सामान, ९० रु. काडेकिराईत जास्त घेतलं, कडू तेच गुणाचं.
नात करिष्मा अकरा महिन्यांची. मला बघितलं की रडते. सून वैशाली एक तारखेपासून मानकोलीच्या गोडाऊनला ड्युटीवर जाणार. तोवर पोर माझ्याकडे रुळली तर इथे राहील, नाही तर खारबावला तिच्या दुसऱ्या आजीकडे, मीराबाईकडे.
पोर आपणहून आजीला रडत नसते. कुणीतरी शिकवतंय.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
वंदना करून गाइड वाचलं. मॅट्रिकला सत्तावन्न टक्के होते, सगळं समजलं. कुत्र्याला जेवणाआधी रोज घंटी वाजवायची. मग नुसती घंटी वाजली तरी लाळ गळते.
म्हणजे मी यायच्या आधी वैशाली पोरीला चिमटा काढत असणार. हा संशय नाही, शास्त्र आहे.

८ नोव्हेंबर
पडद्यामागे उभी राहिले. चिमटा दिसला नाही. हुशार आहे.
चार वाजता रोजच्यासारखी सहाणेवर गुटी उगाळली. "आजी आली, आजी आली" म्हणत गेले, नाक दाबून पाजली. आज तर सहाणेच्या खरखरीलाच रडायला लागली. कान तिखट, माझ्यावर गेलीय.

१२ नोव्हेंबर
उलटा प्रयोग सुरू. गुटीनंतर गूळ. त्याच वाटीत, उगाच भांडी कशाला वाढवा.

१६ नोव्हेंबर
आता गुळालाही रडते.
हे म्हणाले, गुटी बंद कर. मी म्हटलं, गुटीचा काय संबंध, सुमितला मीच पाजली ना. हे म्हणाले, तुझा सुमित तिशीला आला तरी सहाण वाजली की चप्पल शोधतो.
हेही त्यांच्यातलेच.

१९ नोव्हेंबर
शेजारची जुबैदा आली. हिरव्या बांगड्या, थेट माझ्यासारख्या. पोर तिच्याकडे बघून किंचाळली. जुबैदा म्हणाली, "अगं गुणाबाई, मैं क्या गुटी पिलाने आई?" वैशाली तोंडाला ओढणी लावून हसली.
दोघींचं आधीच ठरलेलं.

३० नोव्हेंबर
पोर गेली. वैशाली म्हणाली, आई, दर रविवारी आणू, फक्त गुटी नको. शेवटची पाजावी म्हणून मी वाटी घेऊन दारात उभी होते. रिक्षा वळेपर्यंत रडणं ऐकू येत होतं.

२ डिसेंबर, दुपारी ४
हात आपोआप सहाणेकडे गेले. उगाळून झाल्यावर लक्षात आलं, घरात कुणी नाही. वाया कशाला घालवा, मीच प्यायले. डोळ्यांत पाणी आलं ते काडेकिराईतानं.
शिकलेलं विसरायचं कसं, ते पान गाइडात नाही.

४ डिसेंबर
मीराबाईंना पोस्टकार्ड टाकलं. घरातला फोन वैशालीच्या हातात असतो. इथे उतरवून ठेवते:
"विहीणबाई, जयभीम. सुमितबरोबर सहाण आणि गुटीचं सामान पाठवलंय. रोज चारला स्वतःच्या हातानं पाजा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. आधी 'आजी आली' म्हणायचं, मोठ्यानं. हातात हिरव्या बांगड्या असल्या तर बरं. पोरीच्या पोटासाठीच सांगते, दुसरं काही मनात नाही. पंधरा दिवसांनी पोर तुमच्याकडे बघून काय करते, तेवढं उलट टपाली कळवा."