दोन मात्रांची जागा

नेवासा
१२ जानेवारी १९९८

चि. एंजल हिस लिडियाआत्याचे अ. आ., वि. वि.

नाताळच्या कार्डावर दोन ओळी खरडून तू पत्राचे काम उरकलेस, म्हणून मीही रुसून बसले होते. पण आता गरज माझी आहे आणि गरजवंताला अक्कल नसते, तेव्हा रुसवा सोडते.

यंदा चर्चमधली सुगीची उपासना एक मार्चला आहे. तुझे आतोबा जाऊन वर्ष होत आले. पाळकसाहेबांनी विचारले, दानीएलमास्तरांचे सुगीचे गाणे या वेळी कोण म्हणणार? कोणालाच ते पुरते येत नाही. धृपद सगळी मंडळी म्हणते, पण पाखरांच्या वाट्याचे कडवे आमच्या लग्नाच्या वर्षापासून एकटे हेच म्हणत आले. चालीची खूण कुठेतरी करून ठेवा म्हणून मी कितीदा मागे लागले, तर हसण्यावारी न्यायचे. मला शब्द पाठ आहेत, चाल मात्र धरता येत नाही. माझा गळा तुला ठाऊक आहेच.

गाणे आहे ते एका कॅसेटवर. मंडळीतल्या बायकांना शिकवायचे म्हणून तेवढेच कडवे मागे-पुढे करून लावत होते, तर परवा फीत आत अडकली. पेन्सिल घालून कशीबशी गुंडाळली. ती तुटली तर यांचा आवाज गेला, आणि गाणेही गेले. या धास्तीने दोन दिवस घास गोड लागला नाही. तुझ्या कॉम्प्युटरवर हे एक कडवे पुन्हा पुन्हा वाजेल असे काही करता येईल का? त्या बायकांतली केशरबाई डोळे दाखवायला नगरला येणार आहे, तिच्याबरोबर कॅसेट पाठवते. जपून हाताळ.

आमच्यावर लोभ आहे असे ऐकते, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
लिडियाआत्या

*

सावेडी, नगर
१९ जानेवारी १९९८

प्रिय आत्यास एंजलचा सलाम, वि. वि.

केशरबाई आल्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना जिन्याच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, पण पिशवीला हात लावू देतील तर शपथ. तीन रुमालांत बांधलेली कॅसेट त्यांनी माझ्या हातात दिली, तेव्हा कुठे पाणी प्यायल्या.

काम झाले. मी शिकवते त्या क्लासच्या भीमराज सरांनी रविवारी दुपारी एक मशीन मला मोकळे करून दिले. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि गाणे एकदाच वाजवून आत घेतले. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. आतोबा आवाज चढवतात तिथे ती फुगते, गप्प होतात तिथे सपाट. कडव्याच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंतचा भाग माउसने निवडला आणि लूपचे बटण दाबले. आता शेवट आला की ते आपोआप पहिल्या शब्दावर उडी मारते. कडव्याच्या शेवटी थोडी रिकामी, खरखरीची जागा होती, ती काढून टाकली. मग हेच नव्या कॅसेटवर भरले. एका बाजूला चाळीस वेळा बसले आहे.

संध्याकाळपर्यंत भीमराज सर तेच गुणगुणत होते. बायकांना नाही जमले तर त्यांनाच पाठवून देते. पप्पांनी मात्र दोनदा ऐकले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. जुनी कॅसेट सुखरूप आहे, दोन्ही सोबत पाठवते.

रागावणे संपले असेल तर लोभ पूर्ववत करावा.

तुझी,
एंजल

*

नेवासा
८ फेब्रुवारी १९९८

चि. एंजल हिस अ. आ., वि. वि.

तुझी कॅसेट ऐकून बायकांनी आठ दिवसांत कडवे पाठ केले. केशरबाई भाकरी थापतानाही तेच म्हणते. मी सगळ्यांना सांगत सुटले की ही माझ्या भाचीची करामत.

पण कालच्या सरावाला सहादेव आला. तुला आठवत असेल, आतोबांचा जुना जोडीदार. तो आपल्या मंडळीतला नाही, तरी सुगीच्या उपासनेला तबला त्याचाच असतो. हे कडवे दोनदा म्हणायचे असते. बायकांचे एकदा संपले की त्या लगेच दुसऱ्यांदा सुरू करतात, आणि सहादेवाचा हात दोन मात्रा मागे राहतो. तीनदा असे झाल्यावर त्याने तबल्यावर कापड टाकले. हे दानीएलचं गानं न्हाई, दानीएल तितं दोन मात्रा थांबायचा, असे म्हणून उठून गेला.

मी जुनी कॅसेट लावून पाहिली. खरेच, हे तिथे थांबतात. बायकांना थांबायला सांगितले तर केशरबाई थांबते आणि बनुबाई पुढे जाते. इतक्यांदा ऐकून जिभेला तेच वळण पडले आहे. उपासनेला तीन आठवडे राहिले आणि तबला नाही. तुझ्यावर थोडी रागावले आहे, लपवत नाही. गाणे राहावे म्हणून एवढी धडपडले, आणि राहणार ते भलतेच.

लोभ कमी झालेला नाही, पण काळजी फार आहे.

तुझी,
लिडियाआत्या

*

सावेडी
१३ फेब्रुवारी १९९८

प्रिय आत्यास सलाम, वि. वि.

चूक माझीच आहे. कॉम्प्युटरवर ते गाणे अजून होते, ते कानाला हेडफोन लावून नीट ऐकले. जिला मी फितीची खरखर समजले, तो आतोबांचा श्वास आहे. कडवे संपल्यावर ते बारीक शिट्टीसारखा श्वास ओढतात आणि मग पुन्हा सुरू करतात. मी तो कचरा समजून कापला. हे कळले तेव्हा सरांसमोरच मला रडू आले.

ती जागा परत जोडून दुसरी कॅसेट केली आहे, तीही चाळीस वेळा. सहादेवकाकांना माझ्या वतीने हात जोड. क्लासच्या परीक्षा त्याच रविवारी आल्याने मला येता येणार नाही, याचे फार वाईट वाटते.

रागाच्या जोडीने लोभही असू द्यावा.

तुझी,
एंजल

*

नेवासा
३ मार्च १९९८

चि. एंजल हिस अनेक अनेक आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, पण सगळे पार पडल्यावरच लिहायचे ठरवले होते.

तुझी दुसरी कॅसेट घेऊन मी सहादेवाच्या घरी गेले. समजूत घालायला गेले होते, पण त्याने काही बोलूच दिले नाही. आधी लाव म्हणाला. ऐकता ऐकता त्याने मांडीवर ताल धरलेला हात थांबवला. मग म्हणाला, ही शिट्टी दम्याची हाय. दमा जडायच्या आधी दानीएल तिथे थांबत नव्हता, कडवे दोनदा एका दमात म्हणायचा. दम लागायला लागला तसा तो थांबू लागला, म्हणून सहादेवही थांबू लागला. दोघांत त्यावर कधी एक शब्द झाला नाही, आणि पंधरा वर्षांत तेच गाणे झाले. बायका म्हनत्यात तेच बराबर हाय, माजाच हात इसरला, असे म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला येऊ लागला.

परवा चौदा बायकांनी कडवे न थांबता दोनदा म्हटले. सहादेवाचा हात कुठे अडला नाही. मी दुसऱ्या बाकावर होते. आमच्या लग्नाच्या वर्षीचे दानीएल मला ऐकू आले. एंजल, मी त्यांना विसरूनच गेले होते. इतकी वर्षे मी एका आजारी माणसाचीच बायको होते, त्याआधीचा धडधाकट गडी कुठे गेला ते आठवतही नव्हते. मी खूप रडले, आणि मला बरे वाटले.

पहिली कॅसेट बायकांकडेच राहू दिली. दुसरी बनुबाईने मागितली, ती मी दिली नाही. दुपारी घरात कोणी नसताना लावते. शब्दांकडे माझे लक्ष नसते. कडवे संपते आणि हे श्वास घेतात. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मी त्यांचा हात धरून आणखी एक श्वास घ्या, एकच घ्या, म्हणत होते. तो त्यांना घेता आला नाही. आता एका बाजूला चाळीस वेळा घेतात.

परीक्षा संपल्या की ये. लोभ कर, आणि करत राहा.

तुझी,
लिडियाआत्या