डब्यावर दोन, मी सांगितल्या चार

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार
आज दुकानात वंदनाचं माप घेतलं. कंबर ३२ वरून ३०. दोन महिन्यांत दोन इंच! ब्लाऊज शिवायला आलेल्या दोघी बघतच राहिल्या आणि लगेच त्यांनीही माझ्याकडून वजन उतरवायच्या कॅप्सूलचा एकेक डबा नेला. धाकटी जाऊ म्हणजे माझी फुकटची जाहिरात.
तिच्या भावाचं लग्न ३ डिसेंबरला, तलासरीला. म्हणाली, "ताई, अजून दोन इंच कर ना." मी म्हटलं, डब्यावर दोन कॅप्सूल लिहिल्यात, तू चार घे. व्हिटॅमिनची गोळीही दोन वेळा. झाडपाल्याचं आहे, त्याने काय बिघडणार.

१४ नोव्हें.
वं. जेवत नाही. मळमळतं म्हणे. आवडीची सुक्या बोंबलाची चटणी केली तरी ताट बाजूला सारलं. मी खूश. भूक मरते तेच तर हवं, वापीच्या मीटिंगमध्ये कंपनीच्या मॅडमनी सांगितलेलंच होतं. ब्लाऊज परत उसवून आत घेतला.

१९ नोव्हें., रवि.
वं.चे डोळे पिवळे. सासूबाईंना दिसलं. मला नाही, मी रोज माप घेत होते तरी.
कासाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कसली औषधं चालू आहेत का?" ती नाही म्हणाली. मीही नाहीच म्हटलं. खोटं नाही बोलले. ते औषध कुठे आहे?
पाण्यातून झालं असेल. आमच्या बोअरचं पाणी वाईटच.

२१ नोव्हें.
सासूबाईंनी कावीळ उतरवणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी मुळ्यांची माळ वं.च्या डोक्यावर ठेवली. ती वाढत वाढत गळ्यात उतरते, तशी कावीळ उतरते. पथ्य कडक: तेल नाही, हळद नाही, दुसरं कसलंही औषध नाही.
दवाखान्याच्या गोळ्या फडताळात गेल्या. डबा उशाशीच राहिला. काकांनी विचारलं नाही, आमच्याही मनात आलं नाही. अशक्तपणा आहे म्हणून सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल नि व्हिटॅमिन मीच माझ्या हाताने देते.

२५ नोव्हें.
माळ छातीपर्यंत आली. सासूबाईंना बरं वाटलं. मला नाही. कंबर ३३! पोट टम्म. लग्न आठ दिवसांवर. मी चिडले, "पडून पडून भात हाणलास वाटतं." ती रडायला लागली. "ताई, परवापासून पोटात काही गेलं नाही गं."
दुपारी हाक मारली तर माझ्याकडे बघत राहिली. नाव आठवेना तिला माझं.
शिवायला बसवत नाही.

२६ नोव्हें., रवि.
वापी. मोठं हॉस्पिटल. येताना अच्छाडच्या नाक्यावर ट्रकच्या रांगेत तासभर अडकलो. तिचं डोकं माझ्या मांडीवर. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, पुढे बसून दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते. "वहिनी, श्वास चालूए ना?"
काविळीच्या जंतूंच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. म्हणजे पाणी नाही. मग काय? गुजराती डॉक्टर, हिंदीत विचारतात, "बेन, कोई गोली, पावडर, टॉनिक? घर का कुछ हो तो भी बोलो." भावोजी म्हणाले, "कुछ नहीं, साब."
मी तिथेच उभी होते.

२७ नोव्हें.
ह्यांना फोन करून दोन्ही डबे मागवले. एकटीच केबिनमध्ये गेले. डॉक्टरांनी बारीक अक्षरं चष्मा काढून वाचली.
"कितनी लेती थी?"
"चार."
"किसने बोला चार?"
"मैंने."
ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, नॅचरल असलं तरी गाळायचं काम लिव्हरलाच. आणि हे व्हिटॅमिन ए तर लिव्हरमध्येच साठतं, जास्त झालं की तिथेच बाधतं. बहुतेकांना काही होत नाही, कुणाला होईल ते आधी कळत नाही. ह्यानेच झालं का, तेही छातीठोक सांगता येत नाही. सगळं बंद. लिव्हर सावरलं तर चार-पाच दिवसांत कळेल. नाहीतर मुंबई, आणि दुसऱ्याचं लिव्हर...
पुढचं नीट ऐकूच आलं नाही.

२८ नोव्हें.
मापाच्या वहीत ज्यांच्या नावापुढे फुली, त्या डबेवाल्या. नऊ जणी. सकाळपासून एकेकीला फोन. बोर्डीची म्हणते, "अगं, आत्ता कुठे फरक दिसायला लागलाय नि बंद काय करू?" मी ओरडलेच तिच्यावर. डहाणूची एक फोन उचलत नाही. सहा वेळा केला.
मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं कुठे बोलू नकोस.
मी स्वतः वर्षभर घेतेय. हॉस्पिटलच्या आरशात डोळे ताणून बघते. पिवळे वाटतात, परत बघितलं की नाही वाटत.

३० नोव्हें., दुपार
वं.ने सकाळी मला ओळखलं. "ताई" म्हणाली. मी बाहेर जाऊन रडले.
मग भावोजींसमोर म्हणते, "ताईने लई केलं माझं. आजारी पडल्यापासून ताकदीच्या गोळ्या स्वतःच्या हाताने द्यायची." भावोजींनी मला हात जोडले. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस.
डॉक्टरांनी घरात कुणाला सांगितलेलं नाही. मला म्हणाले, "आप ही बता दो."
रक्त नेलंय. रिपोर्ट पाचला. सुधारलंय की नाही ते त्यात.
भावोजी बाहेर बाकावर एकटेच आहेत. आत्ताच सांगायला हवं. रिपोर्ट चांगला आला तर मी गप्प बसेन, स्वतःला ओळखते मी. आणि वाईट आला, तर मग कुठल्या तोंडाने... उठतेच.