पहिल्या ओळीतली आई

३ जून

झालं ते असं.
१. टेक्निकल शाळा सोडली. शेवटचं वर्ष राहिलं.
२. कारण लिहून दिलं : गोष्टी लिहायच्या आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, "या कारणासाठी सोडणारी तू पहिलीच." महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो म्हणाले.
३. आई म्हणाली, "तोवर तुझं एक तरी पान कोणी छापायला घेतलं, तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर मुकाट्याने वर्गात जाऊन बसायचं."
४. मी हो म्हटलं.

५ जून

विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात लागले. जळलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. मालक म्हणाले, "लेखिकाबाई, मोटार नुसती वाचून कळत नाही, उघडावी लागते."

खरं आहे. गोष्टीही मी तशाच शिकते आहे. कुणाची तरी छापलेली गोष्ट घ्यायची, एकेक परिच्छेद झाकायचा, तरी चालते का बघायचं. बहुतेक चालतात.

९ जून

दमले. तारेला लावायच्या वार्निशचा हाताचा वास जेवतानाही जात नाही. आई ताट पुढे सरकवते, बोलत नाही. भांडी मात्र बोलतात.

१२ जून

गोष्ट अडून बसली होती. शाळा सोडणाऱ्या मुलीची. आई खोलीत आली की मुलगी जागची हलेना. आई एक बोलणार, मुलगी दोन बोलणार, पानंच्या पानं जाणार.

आज उपाय सापडला. आई पहिल्याच ओळीत वारली. पुढचं सगळं सरळ झालं. एका मासिकाला पाठवून दिली.

१९ जून

दुकानात संपादकांचा फोन. "स्वच्छ लिहिता. पुढच्या अंकात घेतो." मी "बरं" म्हटलं. मालकांनी चहा मागवला.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "वाचायला दे."

छापून आल्यावर वाच, म्हटलं.

"म्हणजे आधी गावाने वाचायची, मग मी?"

दिली.

२० जून

आई पहिल्या ओळीशीच थांबली. "आजारपणसुद्धा नाही? चार दिवस अंथरुणाला तरी खिळवायचंस."

तांत्रिक अडचण होती, म्हटलं.

"अडचण म्हणजे मीच ना?"

तिने शेवटपर्यंत वाचली, कागद जुळवून परत दिले. "चांगली लिहिली आहेस. मी शब्द पाळीन. पण एक सांग — मी धडधाकट समोर उभी असताना तू शाळा सोडलीस. मग कागदावर का जमलं नाही?"

२२ जून

एकच मोटार दोनदा गुंडाळली. मालक म्हणाले, "हात इथे, लक्ष कुठे?"

गोष्टीत जिथे जोर लागणार होता तेवढंच मी काढून टाकलं. भार नसला की कुठलीही मोटार छान फिरते.

थकवा आहे. पण आईला उत्तर देता आलेलं नाही, हे त्याहून वाईट.

२४ जून

संपादकांना आज पाठवलं :

"माझी गोष्ट कृपया छापू नये. तिच्यातली आई जिवंत आहे. गोष्ट पुन्हा लिहिते आहे. लांब होईल, आणि मुलगी शेवटी शाळा सोडते की नाही, हे मला अजून माहीत नाही. अशी गोष्ट घ्याल का, ते २९ तारखेपर्यंत कळवावं. ३० तारखेला मला दुकानात जायचं आहे, नाहीतर वर्गात."