मलमाचे सहा आठवडे आणि उजवा कौल

लोटे, सोमवार, ६ एप्रिल

तीर्थस्वरूप गंगाराम काका यांच्या पायांवर पुतण्या प्रमोदचं डोकं.

तुमचा गुडघा कसा आहे? कमळा काकींचं बीपी? सानवीची परीक्षा आटोपली असेल. गावी आई ठीक, गाय ठीक, काजू बरा धरलाय, आंब्याचं यंदा बोलूच नये. मीही ठीक आहे असं लिहिणार होतो, पण मग पत्र इथेच संपवावं लागलं असतं.

पत्र तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नका. तुमच्या मोबाइलवरचा प्रत्येक मेसेज सानवी जेवताना मोठ्याने वाचून दाखवते हे मला माहीत आहे. (मागे मी तुम्हाला मूळव्याधीचं औषध विचारलं होतं, तर उत्तरं चौघांची आली, त्यातलं एक शेजाऱ्यांचं होतं.) तेव्हा हे एकट्याने वाचा.

विषय असा. तुम्ही मला खांद्यावर बसवून पालखी दाखवलीय, तुमच्यापुढे लाजायचं कारण नाही, असं मी स्वतःला चार दिवस बजावतोय. काका, माझ्या लघवीच्या जागेची पुढची कातडी मागे सरत नाही. झालं एकदाचं लिहून. सरत नाही म्हणजे कधी सरलीच नाही. पण ती सरायची असते, हेच मला अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही. शाळेत बेडकाची पचनसंस्था शिकवली, ती अजून पाठ आहे, उपयोगी एकदाही पडली नाही. बाबा असते तरी त्यांनी सांगितलं असतं का, देव जाणे. दाढी करायलासुद्धा त्यांनी शिकवलं नाही, मी दाराआडून बघून शिकलो, आणि हे काही दाराआडून बघून शिकण्यातलं नव्हे.

इतकी वर्षं तिचं माझं बरं चाललं होतं. पण शिमगा झाला आणि खाज सुरू झाली, मग लाली, मग लघवी करताना आग. मला वाटलं, आपण स्वच्छतेत कमी पडतोय. आमच्या कंपनीत हाताचा रंग काढायला एक साबण मिळतो, त्याने लोखंडाचाही रंग निघेल. तो मी वापरला. (हसू नका. हसलात तरी कचेरीत बसून हसू नका, लोक विचारतील.) मोरीतून मी असा बाहेर आलो की रूममधला अनिल काठी घेऊन आत शिरला, त्याला वाटलं साप निघाला. मी हो म्हटलं. बिचारा अर्धा तास साप शोधत होता.

आता दाखवायचं कुठे? खेडला ओळखी, चिपळूणला त्याहून जास्त. म्हणून गुरुवारी रजा टाकून थेट रत्नागिरी गाठली. डॉक्टर तुमच्या वयाचे, शांत माणूस, पण आवाज असा की दरवाजा लावला काय न लावला काय. आधी त्यांनी साखर तपासायला लावली. मी म्हटलं, दुखणं कुठे आणि रक्त कुठलं? म्हणाले, साखर वाढली तरी असं होतं. साखर चांगली निघाली, तेव्हा तोही आधार गेला. मग म्हणाले, अहो, कितीतरी जणांना असतं हे, कोणी बोलत नाही म्हणून प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं, डोळ्यांत पाणीच आलं, पण पुढच्या सूचनांनी ते सुकलं. रोज कोमट पाण्याने धुवा, पण साबण तिथे नको. कातडी मागे घ्या, पण सहज सरेल तेवढीच, जोर करायचा नाही. मागे घेतलीत तर आठवणीने पुढे आणा. ती मागेच अडकून सूज आली तर रात्र असो की दिवस, लगेच दवाखाना गाठा. मलम सकाळ-संध्याकाळ, सहा आठवडे. तोवर सैल झाली तर उत्तम, नाहीतर छोटं ऑपरेशन. म्हणजे धुवायचं पण साबण नाही, मागे घ्यायची पण ओढायची नाही, घेतली तर ठेवायची नाही. मी दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी कागदावर चित्रच काढून दिलं. (अडकलेला व्हॉल्व्ह जोर लावून फिरवू नये हे कंपनीत आम्हाला शिकवतात, तेवढं एक मला पटलं.)

माझा घोळ सहा आठवड्यांचा. गुरुवारपासून मोजलं तर ते संपतात चौदा मेला. माझं लग्न दहाला. पुढे ढकलावं तर लगेच अधिक महिना लागतो, मुहूर्तच नाही. आईला नुसतं म्हटलं की थोडं पुढे गेलं तर, तर तिने भाकरी तव्यावर करपवली. मनस्वीच्या वडिलांना देवरुखला कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा फोन, मुलाच्या मनात दुसरं काही आहे का? दुसरं काही नाही हो. मनस्वी मला फार आवडते. रोज शाळेत शिकवून सुटली की फोन करते, आणि हल्ली मी तिला हवामान सांगतो. हे असं लपवून तिच्या शेजारी बोहल्यावर उभं राहायचं माझ्या जिवावर आलंय, आणि सांगायचं तर तोंड उघडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. दवाखान्यातून बाहेर पडलो तर बाकावर कोण? आपले रावजी गुरव, मुतखड्यासाठी आलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दरवाजाकडे बघितलं, आणि माझ्या आधी गावात पोचले. (मी एस.टी.ने गेलो, ते कशाने गेले कळलं नाही.) संध्याकाळी घरी आलो तर वाडी जमलेली. कोणी कुळथाचं कढण आणलेलं, कोणी पाषाणभेद. दुखणं काय ते कोणालाच माहीत नाही, पण औषध प्रत्येकाकडे होतं. आईने ठरवून टाकलं होतं: सकाळी देवाला कौल लावायचा.

शुक्रवारी सकाळी मी देवळात. रावजींनी गाऱ्हाणं घातलं, ह्या लेकराच्या वाटेत जी काय अडचण असेल ती मोकळी कर रे महाराजा, आणि चाळीस माणसं एका सुरात म्हणाली, होय महाराजा. मग मला म्हणाले, प्रश्न बोल. चाळीस माणसांसमोर काय बोलणार, कपाळ? म्हटलं, मनातल्या मनात विचारतो. आणि घाईघाईत विचारलं, देवा, मलम लावू की ऑपरेशन करू, मनस्वीला सांगू की नको सांगू? दोन मिनिटांत देवाच्या अंगावर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली. देवाने उजवा दिला! आई रडली, वाडीने गूळ वाटला. आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की उजवी पडली तर हो आणि डावी पडली तर नाही, आणि मी विचारलेल्यात 'हो' बसेल अशी जागाच नव्हती. देव हो म्हणाला, पण कशाला? पुन्हा विचारायची सोय नाही, रावजी म्हणतात दिलेला कौल परत लावला तर देव रागावतो.

मोठ्यांना नमस्कार, सानवीला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
प्रमोद

ता. क. : खरं काम आता लिहितो. डॉक्टरांचं ते चित्र मी घरी लपवलं होतं, पंचांगात. ज्या घरात लग्न ठरलंय त्या घरात पंचांग दिवसातून दहादा उघडतात, हे डोक्यातच आलं नाही. काल लोट्याला निघताना आईने पिशवीत तिखटाचा डबा भरला, वर तो कागद नीट घडी घालून ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकाला इचार. त्याला पन लग्नाच्या आधी ह्येच झाला व्हता." मी पायरीवरच बसलो. काका, म्हणजे लग्नाआधीचं तुमचं ते हर्नियाचं ऑपरेशन हेच होतं? मी तुमच्यावर रागावलेलो नाही. फक्त एवढं कळवा, तेव्हा तुम्ही काकींना काय शब्दांत सांगितलंत? मला ते एक वाक्य पाठवा, मी मनस्वीला तेच म्हणेन.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी आईला फोन केला, तुला हे कोणी सांगितलं म्हणून. ती म्हणाली, कमळाने. तुमच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काकींना दवाखान्याचा कागद ट्रंकेत सापडला. तुम्ही त्यांना आजवर काही सांगितलेलं नाही, तुम्हाला कमीपणा वाटू नये म्हणून त्यांनीही विचारलेलं नाही, आणि सव्वीस वर्षं त्या हर्निया खराच असल्यासारखं तुम्हाला जड काही उचलू देत नाहीत.

तेव्हा वाक्य पाठवू नका, तुमच्याकडे ते नाही. रविवारी मी देवरुखला जाऊन मनस्वीला जमेल तसं सांगतो, चित्र बरोबर नेतो. मलम चालू आहे. तुम्ही घरी गेलात की हे पत्र काकींना वाचायला द्या.